भारतात ट्रायग्लिसराइड्स नक्की किती जणांची वाढलेली आहेत? (आणि लहान मुलांचा तो आकडा)

सायली_क | सोमवार, ०९:४८

मंडळी, एक आकडा काही केल्या पचत नाहीये, म्हणून हा धागा.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचा 'चिल्ड्रन इन इंडिया २०२५' अहवाल आला तेव्हा बहुतेक सगळ्या वर्तमानपत्रांनी एकच ओळ उचलली: देशातल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढलेली आहेत. राज्यवार आकडे आणखी चक्रावणारे. पश्चिम बंगाल ६७ टक्के, सिक्कीम ६४ च्या आसपास. तळाला केरळ १६.६ आणि चक्क आपला महाराष्ट्र १९.१.

आता मोठ्यांचा आकडा बघा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) च्या 'इंडियाब' या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे लिपिडचे (रक्तातल्या चरबीचे) निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमध्ये ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्यांचं प्रमाण होतं २९.५ टक्के.

म्हणजे पोरं आईबापांच्या पुढे? दुसरीत शिकणाऱ्या पोराला ना पोट सुटलेलं, ना ऑफिसची खुर्ची, ना शनिवारची पार्टी.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ठोकायला सोपं जाईल. दहातल्या तीन माणसांना एखादी गोष्ट असेल तर तिला बिघाड म्हणण्यात अर्थ नाही. रेघच खाली मारली आहे. आमच्या ऑफिसातल्या तपासणी शिबिरात तर निम्म्या लोकांच्या रिपोर्टवर लाल 'एच' (हाय, म्हणजे जास्त) होता.

टवाळ | सोमवार, १०:०२

बंगाल ६७. कारण: रसगुल्ला. महाराष्ट्र १९. कारण: आपल्याकडे पुरणपोळी करायचा सगळ्यांना कंटाळा येतो. विषय संपला. (ह.घ्या.)

मनीमाऊ | सोमवार, १०:१५

टवाळ, बंगालच्या खेड्यातली पाच वर्षांची पोरं रोज रसगुल्ले खात असती तर कुपोषणाचे आकडे वेगळे दिसले असते. तिथल्या गरीब घरात गोड सणासुदीलाच येतं. विनोद ठीक आहे, पण खरं कारण याच्या बरोबर उलट असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ताटात भाताचा डोंगर, आणि डाळ, अंडं, मासळी अगदी जेमतेम.

आकडेमोड | सोमवार, ११:३१

सायली, दोन गोष्टींची गल्लत होते आहे, आणि ती तुमची नाही, बातम्या देणाऱ्यांची आहे.

पहिली: अहवाल २०२५ चा, पण मुलांचं रक्त २०२५ मध्ये घेतलेलं नाही. ते आकडे आहेत 'सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणा'चे, म्हणजे सीएनएनएस, काळ २०१६ ते २०१८. सुमारे १ लाख १२ हजार मुलं-मुली, त्यातल्या सुमारे ५१ हजारांचे रक्त-लघवीचे नमुने. काम मोठं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त बातमी ताजी आणि नमुने जुने, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोठ्यांसाठी रेघ १५० ची (एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम). १० ते १९ वयासाठी १३० ची. ५ ते ९ साठी १०० ची. मुलांच्या शरीरात ट्रायग्लिसराइड्सची पातळी मुळातच कमी असते, म्हणून रेघही खाली. यात गैर काही नाही. पण मग ३४ टक्के आणि २९.५ टक्के हे आकडे शेजारी ठेवून 'पोरं आईबापांच्या पुढे गेली' असं म्हणता येत नाही. दोघांना लावलेली पट्टीच वेगळी आहे.

याच पाहणीतला किशोरवयीन मुलांचा आकडा कुणी ठळक छापला नाही. १० ते १९ वयोगटात हेच प्रमाण १६ टक्के. ३४ वरून एकदम १६! दहाव्या वर्षी मुलं काय चमत्कार करतात? काही नाही. ११५ वाला मुलगा नऊ वर्षांचा असताना 'वाढलेला' आणि दहा पूर्ण झाले की 'नॉर्मल'. रक्त तेच.

टवाळ | सोमवार, ११:४०

म्हणजे दहावा वाढदिवस हाच उपचार. वर केक.

सायली_क | सोमवार, १२:०५

आकडेमोड, हे पटलं. रेघेमुळे सगळा खेळ होतो हे तर माझंच म्हणणं आहे! मग महाराष्ट्र १९ आणि बंगाल ६७, तिथे तर रेघ एकच होती ना?

रक्तपिपासू | सोमवार, १३:२०

नाव वाचून घाबरू नका, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज लोकांच्या दंडाला पट्टा बांधणारा माणूस आहे.

मोजमापाबद्दल थोडं. रक्त घेतलं की गोठू देतो, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर सिरम उरतं. ट्रायग्लिसराइड्स दोनशे-अडीचशे असली तरी सिरम साधारण स्वच्छच दिसतं, नळीमागचा छापील कागद वाचता येतो. चारशे-पाचशेच्या पुढे गढूळपणा येतो. हजाराच्या पुढे सरळ दुधाळ. अशी नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर कधीकधी वर पांढरा थर येतो, अगदी सायीसारखा. नवीन मुलांना मी मुद्दाम दाखवतो. असा नमुना मशीनला तसाच्या तसा झेपत नाही, पातळ करून पुन्हा लावावा लागतो.

आता उपाशीपोटीचा मुद्दा. 'रात्री जेवलात कधी?' विचारलं की सगळे म्हणतात आठला. 'मग सकाळी?' 'काहीच नाही.' जरा थांबून: 'फक्त चहा.' चहाला आपल्या लोकांनी खाण्यात कधीच धरलं नाही. आणि त्या चहासोबत दोन बिस्किटं असतात, ती तर मुळीच सांगत नाहीत.

पाच वर्षांच्या पोराला तर आजी काहीतरी भरवतेच. सुई टोचणार म्हणून आधी खाऊ, टोचली म्हणून नंतर खाऊ.

आकडेमोड | सोमवार, १३:५८

रक्तपिपासू, लाखमोलाचा प्रतिसाद. त्याला जोडून: नेहमीच्या जेवणानंतर ट्रायग्लिसराइड्स सरासरी २५-२६ अंकांनी चढतात, असं युरोपातल्या मोठ्या पाहण्यांत दिसलं. म्हणूनच २०१६ पासून तिकडच्या तज्ज्ञांनी लिपिड तपासणीला उपाशी राहायची सक्ती काढली. फक्त भरल्यापोटीची रेघ १७५ धरली, आणि आकडा ४४० च्या पुढे गेला तर उपाशीपोटी पुन्हा बघा म्हणून सांगितलं. आपल्याकडे कार्डिओलॉजिकल सोसायटीनं २०२४ मध्ये पहिल्यांदा लिपिडची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही पहिल्या चाचणीला उपास नको असंच आहे.

मोठ्या माणसाला २५ अंकांनी फारसं बिघडत नाही. पण जिथे रेघच १०० वर आहे तिथे ८५ वालं मूल एका बिस्किटपुड्यानं पलीकडे जातं. लहानांच्या आकड्यात हा फरक जास्त बोचतो.

कलकत्तेकर_मराठी | सोमवार, १५:१०

बंगालवर चर्चा चालू आहे म्हणून लिहिते. लग्न झाल्यापासून इथेच आहे. शहरातल्या चांगल्या शाळांत डब्यात सँडविच, नूडल्स. पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई दक्षिणेकडच्या खेड्यातून लोकलनं येतात, त्यांच्या घरचं सांगते. सकाळी पाणी घातलेला शिळा भात, कांदा-मिरची. दुपारी भात. मधल्या वेळी मुडी, म्हणजे आपल्या चुरमुऱ्यांसारखीच. रात्री भात. आलूची भाजी हीच मुख्य भाजी. मासे आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तेही लहान तुकडा, आणि तो बापाला.

त्या मुलांना कुणी लठ्ठ म्हणणार नाही. हातापायाच्या काड्या आहेत. मनीमाऊ म्हणतात तेच मलाही वाटतं.

भाकरतुकडा | सोमवार, १६:२२

मग कोकणातले लोक काय वेगळं खातात? दोन्ही वेळा भात. माझे आजोबा ८६ व्या वर्षी गेले, जन्मभर उकड्या तांदळाची पेज प्यायले. लिपिड प्रोफाइल हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. हे सगळे आजार तपासणीतून जन्माला आलेत. लॅबवाल्यांनी (रक्तपिपासू, राग मानू नका) पॅकेजं विकली नसती तर निम्मा देश निरोगी असता.

रक्तपिपासू | सोमवार, १६:३०

राग कसला, पॅकेजं मलाही आवडत नाहीत. 'फुल बॉडी चेकअप' म्हणून इतक्या चाचण्या लावतात की कुठेतरी एक 'एच' निघणारच.

पण आजोबांचं लिपिड कुणी तपासलं नाही, याचा अर्थ ते उत्तम होतं असा होत नाही.

स्टेथोस्कोप | सोमवार, २१:४५

ओपीडी संपवून आत्ता वाचायला बसलो. फिजिशियन आहे. सविस्तर लिहितो, झेपेल तेवढं वाचा.

सायलीताईंचा मूळ दावा असा की, इतक्या लोकांना आहे म्हणजे नॉर्मलच म्हणा. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. निम्म्याहून जास्त. मग हिमोग्लोबिन ९ ला नॉर्मल म्हणायचं का? ॲनिमियात बाई धापा टाकते तेव्हा आपल्याला ते पटतं. ट्रायग्लिसराइड्स काही दुखत नाहीत, म्हणून रेघेशी भांडावंसं वाटतं.

आता रेघ कुठून आली. १५० च्या आत नॉर्मल, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ वाढलेली, ५०० आणि पुढे खूप वाढलेली. यातल्या शेवटच्या गटाची भीती वेगळी असते. तिथे, विशेषतः हजाराच्या पुढे, स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते. अशा माणसाला पोट धरून रात्री दोन वाजता दवाखान्यात आणतात. हा गट देशात छोटा आहे. दहातले तीन म्हणतो आपण, त्यातले बहुतेक १५० ते ३०० मध्ये असतात.

मग या बहुसंख्यांचं काय? त्यांच्या बाबतीत ट्रायग्लिसराइड्स मला निरोप्याचं काम करतात. पोटात, यकृतात चरबी साठते आहे, इन्सुलिन नीट काम करत नाहीये, असा निरोप. माझ्याकडे ट्रायग्लिसराइड २२० वाला माणूस आला की मी आधी टेप काढतो. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असली की पुढचं चित्र बरंचसं कळतं. पँटचा नंबर सांगू नका, लोक पोटाखाली बेल्ट बांधून ३४ सांगतात. बेंबीच्या पातळीला टेप लावली की खरं बाहेर येतं.

आणि बारीक आहे म्हणून सुटलो, असं आपल्या लोकांत चालत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. मी हा फोटो पेशंटना दाखवतो, शंभर शब्द वाचतात.

शेवटचं: इंडियाबच्या त्याच पहिल्या टप्प्यात सर्वांत जास्त आढळलेला दोष ट्रायग्लिसराइड नव्हताच. कमी एचडीएल (ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात), ७२.३ टक्के! लिपिडमधलं काही ना काही बिघडलेलं, असे लोक ७९ टक्के. हे दोन दोष जोडीनं चालतात. एक वर जातं, दुसरं खाली येतं. वर्तमानपत्रांनी त्याची चौकट करायला हवी होती.

सायली_क | सोमवार, २२:१०

डॉक्टर, ॲनिमियाच्या उदाहरणानं माझी बोलती बंद. पण मग ऑफिसातले निम्मे लोक?

आकडेमोड | सोमवार, २२:३४

ऑफिसचं शिबिर म्हणजे देश नव्हे. तिथे कोण होतं? तिशी-चाळिशीतले, बहुतांश पुरुष, दिवसभर बसून काम करणारे, कॅन्टीनला जेवणारे. त्यातही ज्याला आधीच शंका आहे तो रांगेत पुढे असतो. मोठ्या लॅबसाखळ्या 'आमच्या इतक्या लाख चाचण्यांत इतके टक्के' असं पत्रक काढतात, त्याचंही तेच. चाचणी करायला जो आला त्याचाच तो आकडा.

इंडियाबसारख्या पाहणीत तुमच्या दारात कुणीतरी येऊन रक्त मागतं. तुम्हाला काही होतंय म्हणून तुम्ही गेलेला नसता. पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड घेतले होते. साडेसोळा हजारांवर माणसं, आणि लिपिड तपासलं दर पाचव्याचं. त्यातून २०४२ जणांचे निकाल मिळाले. २९.५ हा आकडा त्यांचा. चारात सर्वांत वर चंदीगड, ३८.६ टक्के.

२०२३ मध्ये सगळ्या राज्यांचे मिळून निष्कर्ष आले तेव्हा नमुना १ लाख १३ हजार होता आणि लिपिडमधला कुठला तरी बिघाड ८१.२ टक्क्यांत. मधुमेह ११.४, पोटावरची चरबी ३९.५.

गावकरी | मंगळवार, ०७:१५

आमच्या तालुक्यात कुणी रक्त घ्यायला आलेलं ऐकलं नाही. हे सगळं शहरातल्या लोकांचं. गावात माणूस राबतो.

आकडेमोड | मंगळवार, ०७:५०

गावकरी, त्या १ लाख १३ हजारांत ७९ हजारांहून जास्त ग्रामीण होते. तुमच्या तालुक्यात आले नसतील, शेजारच्या कुठल्या तरी आले असतील. सव्वाशे-दीडशे कोटींतून लाखभर निवडायचे म्हटल्यावर ओळखीतलं कुणी निघणं अवघडच.

गावकरी | मंगळवार, ०८:०५

बरं. पण राबणारा माणूसही आता पूर्वीइतका राबत नाही हे खरं आहे. नांगरट ट्रॅक्टरनं, पाणी मोटारीनं, बाजाराला मोटरसायकल. आणि पारावर दिवसातून पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ज्वारी विकतो आणि रेशनचा तांदूळ-गहू खातो. आमच्याकडे हार्ट अटॅकनं गेलेली चाळिशीतली पोरं आता दर वर्षी ऐकू येतात.

काकूबाई | मंगळवार, १०:४०

माझी ट्रायग्लिसराइड्स २४० आली तेव्हा मी सुनेला म्हटलं, अगं मी तर आठवड्यातून दोन उपास करते! ती हळूच म्हणाली, आई, म्हणूनच. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी ते काय खोटं नाही.

पण पुढचं ऐका. उपासाचं जेवण बदललं तरी आकडा काही हलेना. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलं, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) बराच वाढलेला निघाला. ती गोळी सुरू झाली आणि ट्रायग्लिसराइड्स आपोआप खाली आली. कोलेस्टेरॉलही. तर बायांनो, नुसतं खाण्याला दोष देत बसू नका.

स्टेथोस्कोप | मंगळवार, ११:०२

काकू, अगदी मोलाचं सांगितलंत. थायरॉइड, ताब्यात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचे काही आजार, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, मुरुमांवर देतात ती आयसोट्रेटिनोइन, ही सगळी ट्रायग्लिसराइड्स वाढवतात. गरोदरपणातही चढतातच, तेव्हा घाबरायचं नसतं. देशाचा आकडा हा या सगळ्यांची भेळ असतो.

निवांत | मंगळवार, ११:३०

यादीत एक राहिलं डॉक्टर. मुद्दाम सोडलंत का? 😀

शनिवारी मित्राकडे बैठक, रविवारी उरलेली संपवली, सोमवारी सकाळी उपाशीपोटी गेलो लॅबला, बारा तासांचा नियम काटेकोर पाळून. आकडा ३८०. बायकोनं रिपोर्ट फ्रिजवर चिकटवला. पंधरा-वीस दिवस बाटलीकडे पाहिलं नाही, पुन्हा तपासलं, १७०. मध्ये ना गोळी, ना व्यायाम.

टवाळ | मंगळवार, ११:३४

सर्वेक्षणवाले सोमवारी येत असतील तर चंदीगडचा आकडा समजू शकतो.

आकडेमोड | मंगळवार, १२:१८

निवांत यांचं उदाहरण टोकाचं आहे, पण त्यात एक नेहमीचं सत्य आहे. काहीही न बदलता एकाच माणसाची ट्रायग्लिसराइड्स दोन दिवशी तपासली तर वीस टक्के इकडेतिकडे सहज होतात. कोलेस्टेरॉल इतकं हलत नाही. म्हणजे आज १६० वाला परवा १३५ आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात १८५ निघू शकतो. कुठलीही राष्ट्रीय पाहणी माणसाचं रक्त एकदाच घेते. त्यामुळे '२९.५ टक्के लोकांची कायम वाढलेली असतात' असं कुणी वाचत असेल तर तसं नाही. त्या सकाळी १५० च्या वर होते, एवढंच. देशासाठी हा अंदाज चालतो. तुमच्या स्वतःच्या एका रिपोर्टवर मात्र जन्माची गोळी सुरू करू नका.

परदेशी_पाखरू | मंगळवार, १९:४०

अमेरिकेतून. इथे या गोष्टी दर दोन वर्षांनी मोजतात, एनएचएएनईएस नावाची पाहणी आहे. १५० वरच्यांचं प्रमाण २००१ ते २००४ मध्ये ३३.३ टक्के होतं, २००९ ते २०१२ मध्ये २५.१ वर आलं. गंमत म्हणजे याच काळात लोक काही बारीक झाले नाहीत. कुणी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) गोळ्यांना श्रेय देतं, कुणी ट्रान्सफॅट कमी झाल्याला.

मुद्दा असा की इथे निदान 'वाढलं की घटलं' हे सांगता येतं. एकाच पद्धतीनं पुन्हा पुन्हा मोजलं तरच. आपल्याकडे एनएफएचएस साखर आणि बीपी बघतं, पण लिपिड नाही.

मनीमाऊ | मंगळवार, २०:१५

+१. एनएफएचएसमध्ये साखर बोटाला टोचून होते. ट्रायग्लिसराइडला शिरेतून रक्त, ते थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत नेणं. पाड्यावरून तालुक्यापर्यंत बर्फाच्या पेटीत नळ्या नेणाऱ्यांचे हाल कुणी लिहीत नाही. सीएनएनएसनं ते केलं म्हणून त्यांचं मला कौतुक वाटतं.

चाळिशी_पार | मंगळवार, २१:०८

सगळं वाचलं. साधा प्रश्न: माझं २६०, गोळी घ्यावी का? मित्र फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड्स उतरवायची गोळी) घेतो. ऑफिसात एकजण फिश ऑइलच्या कॅप्सूल खातो.

स्टेथोस्कोप | मंगळवार, २१:५५

इथे कुणाला गोळी सांगणार नाही, पण मागचा पुरावा सांगतो. २०२२ मध्ये 'प्रॉमिनंट' नावाच्या चाचणीचे निकाल आले. दहा हजारांहून जास्त मधुमेही, अर्ध्यांना पेमाफायब्रेट (फेनोफायब्रेटच्याच जातीचं औषध). ट्रायग्लिसराइड्स पाव हिश्श्यानं उतरली, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. फेनोफायब्रेटचा २०१० चा 'अकॉर्ड' अनुभवही एकूणात तसाच. नुसता रिपोर्टवरचा आकडा खाली आणून भागत नाही. ५०० च्या पुढे गोष्ट वेगळी, तिथे स्वादुपिंड वाचवायचं असतं. भारतात २०१३ पासून सारोग्लिटाझार मिळतं, तेही मधुमेह आणि बिघडलेलं लिपिड अशा जोडीसाठी. दुकानातल्या फिश ऑइलच्या कॅप्सूल आणि चाचण्यांत वापरलेला शुद्ध, मोठा डोस यांची तुलना करू नका. २६० ला आधी साखर, थायरॉइड, कंबर आणि ग्लास बघा.

संपादक_मंडळ | मंगळवार, २२:२०

सदस्यांनी वैयक्तिक रिपोर्टचे फोटो टाकू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत. धाग्याचा दवाखाना होऊ देऊ नका.

भाकरतुकडा | बुधवार, ०८:३०

मी अजूनही आजोबांच्या बाजूचा आहे, पण एक कबूल: आजोबा पेज पिऊन माडावर चढायचे. मी तेवढीच पेज पिऊन लॅपटॉपसमोर बसतो. इंडियाबच्याच नंतरच्या आहाराच्या आकड्यांत भारतीयांच्या एकूण उष्मांकातले ६२ टक्के पिष्टातून, म्हणजे भात-पोळी-साखरेतून येतात असं वाचलं. जाळलं नाही तर यकृत त्याची चरबीच करणार, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

सायली_क | बुधवार, ०९:२०

मला कळलं ते असं. प्रौढांत साधारण दहातल्या तिघांची १५० च्या वर, चंदीगडमध्ये जवळपास चौघांची. खूप वाढलेले थोडेच. मुलांचे ३४ टक्के वेगळ्या पट्टीवरचे, आणि २०१६ ते २०१८ मधले. रेघेबद्दल मी माघार घेते, पण बंगालचे ६७ आणि महाराष्ट्राचे १९ यातली दरी नुसत्या भातानं भरून निघते असं मला वाटत नाही. केरळही भातच खातो आणि सर्वांत खाली आहे!

कलकत्तेकर_मराठी | बुधवार, ०९:४४

केरळच्या भाताबरोबर मासळी आणि नारळ असतो, डाळ असते. इथल्या गरिबाच्या भाताबरोबर भात असतो. पण हो, तेवढ्यानं चौपट फरक पडेल का, हे मलाही पटत नाही.

चाळिशी_पार | बुधवार, १०:३०

अजून एक शेवटचं. रिपोर्टमध्ये व्हीएलडीएल म्हणून काहीतरी आहे, त्यालाही 'एच'. ५२ आलंय. हा वेगळा आजार का?

रक्तपिपासू | बुधवार, १०:४१

अहो तुमचं ट्रायग्लिसराइड २६०, भागिले ५, आलं ५२. बहुतेक लॅबमध्ये व्हीएलडीएल कुणी मोजत नाही, भागाकार करून छापतात. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) सुद्धा बऱ्याच ठिकाणी याच भागाकारातून वजाबाकी करून काढतात, १९७२ चं सूत्र आहे. म्हणून ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की त्या एलडीएलवर विश्वास ठेवू नका, थेट मोजून मागा. व्हीएलडीएलचा 'एच' म्हणजे एकाच गुन्ह्याची दोन कलमं.

काकूबाई | बुधवार, १०:५५

म्हणजे त्या ओळीचे पैसे आपण भागाकाराचे देतो? पुढच्या वेळी नातवाला घेऊन जाते, तो चौथीत आहे.